नौदलाच्या जुन्या हवामाननोंदी संशोधकांसाठी खुल्या कराव्यात

लढाऊ विमानांचे आणि युद्धनौकांचे वेड असलेली मंडळी हवामानबदलाच्या चर्चेकडे बहुधा संशयाने पाहतात, आणि हवामानाची काळजी वाहणाऱ्यांना लष्करी यंत्रांचे कौतुक करणारा माणूस परका वाटतो. मी स्वतः पहिल्या गटातला आहे. नौदलात नोकरी केलेल्या दोन पिढ्यांच्या घरात वाढलो आहे, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, मला हवामानाचा प्रश्न जवळचा वाटतो. गेल्या दोनशे वर्षांत समुद्र किती तापला याबद्दल आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यातला फार मोठा भाग नाविकांनी पहाऱ्यावर असताना लिहून ठेवलेल्या आकड्यांवर उभा आहे. म्हणून माझी मागणी सरळ आहे. भारतीय नौदलाकडे आणि त्याच्या पूर्वसुरींकडून वारशाने आलेल्या दप्तरांत वारा, वायुभार, हवेचे व समुद्राचे तापमान यांच्या पंचवीस वर्षांहून जुन्या ज्या नोंदी आहेत, त्या संशोधकांसाठी खुल्या कराव्यात. आणि त्या नोंदी कोणत्या पद्धतीने घेतल्या जात, हे जाणणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे.

युद्धनौकेच्या लॉगबुकाचे पान ज्यांनी पाहिलेले नाही, त्यांना त्यात लढायांची वर्णने असतील असे वाटते. प्रत्यक्षात पानाचा बराचसा भाग रकान्यांनी भरलेला असतो. वाऱ्याची दिशा, ब्यूफोर्ट श्रेणीनुसार त्याचा जोर, आकाशाची अवस्था एकेका अक्षराने, वायुभारमापकावरचा आकडा, कोरड्या आणि ओल्या तापमापकाचे आकडे, समुद्राच्या पाण्याचे तापमान, आणि दुपारच्या बाराला नौकेचे अक्षांश-रेखांश. तोफा धडधडत असोत वा नौका बंदरात निवांत उभी असो, पहारा बदलताना हे रकाने भरावेच लागत. जहाजांवरील निरीक्षणांना एकसारखे वळण लागावे म्हणून १८५३ साली ब्रुसेल्सला जी परिषद भरली, तिच्यामागे अमेरिकी नौदलातला मॅथ्यू फाँटेन मॉरी हा अधिकारी होता. अर्थात तिच्याही आधी मुंबईच्या वाटेवरची जहाजे ही शिस्त पाळत होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची १७८९ ते १८३४ या काळातली जवळपास नऊशे लॉगबुके ब्रिटिश संशोधकांनी गेल्या काही वर्षांत संगणकावर आणली आणि त्यातून अडीच लाखांहून अधिक निरीक्षणे हाती आली. ज्या काळातील हिंदी महासागराबद्दल आपल्याला फारसे काही माहीत नव्हते, त्या काळातला वायुभार आणि तापमान त्यातून कळू लागले. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी १८१५ साली फुटला, त्याच्या अलीकडची आणि पलीकडची वर्षेही याच काळात येतात. ज्या कंपनीने आपल्याला लुटले, तिच्या कारकुनी चिकाटीचा एवढा एक उपयोग आपल्याला आज होतो आहे, तर तो का घेऊ नये?

या नोंदींचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे ज्या प्रकरणात दिसते, ते दुसऱ्या महायुद्धाचे आहे आणि त्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. जगाच्या समुद्रपृष्ठाच्या सरासरी तापमानाचा आलेख पाहिला, तर १९४५च्या अखेरीस तो एकाएकी सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने खाली आलेला दिसत असे. ज्वालामुखी नाही, एल निनोचा खेळ नाही, आणि जमिनीवरच्या केंद्रांमध्ये तशी घसरणही नाही. अनेक वर्षे हे कोडे तसेच राहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचा उलगडा केला. युद्धाच्या काळात, १९४२ पासून ऑगस्ट १९४५ पर्यंत, समुद्रावरच्या नोंदींपैकी सुमारे ऐंशी टक्के अमेरिकी जहाजांच्या होत्या. अमेरिकी जहाजे इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान इंजिन रूममध्ये मोजत, आणि तिथल्या उष्णतेमुळे तो आकडा थोडा चढा येई. युद्ध संपताच अमेरिकी नोंदींचा वाटा सुमारे तीस टक्क्यांवर आला आणि ब्रिटिश जहाजांचा वाटा वाढून एकूण नोंदींच्या सुमारे निम्मा झाला. ब्रिटिश जहाजांवर बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढण्याची रीत होती. बादलीतले पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने निवते, त्यामुळे तो आकडा थोडा उतरता येई. समुद्र थंड झालेलाच नव्हता. मोजणाऱ्याचा हात बदलला होता.

हवामानशास्त्रज्ञ जुन्या आकड्यांमध्ये ‘फेरफार’ करतात, अशी तक्रार माझ्या विमानवेड्या मित्रांच्या तोंडून मी नेहमी ऐकतो. ही दुरुस्ती म्हणजे नेमके काय असते, ते या उदाहरणात दिसते. बादली कॅनव्हासची होती की लाकडी, ती कितपत वेळ डेकवर ठेवली जाई, रात्रीच्या काळोखबंदीत दिवा दिसू नये म्हणून तापमापक आत नेऊन वाचला जाई का, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच आकडा किती चढा किंवा उतरता आहे ते ठरवता येते. उत्तरे जेवढी कमी, तेवढी दुरुस्तीतली अनिश्चितता अधिक. ज्याला या दुरुस्तीबद्दल मनापासून शंका असेल, त्याने जुनी लॉगबुके उघडण्याची मागणी सर्वांत आधी केली पाहिजे.

माझे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले. महायुद्धाच्या काळात ते रॉयल इंडियन नेव्हीत नाविक म्हणून भरती झाले. आमच्या भागातल्या अनेक घरांतून, विशेषतः खाडीकाठच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतून, नौदलात जाण्याची परंपरा त्याही आधीची होती. आजोबा युद्धाबद्दल फार बोलत नसत, पण कामाबद्दल विचारले की बारकाईने सांगत. कॅनव्हासची बादली नौकेच्या पुढच्या अंगाला सोडायची, म्हणजे इंजिनातून आणि मोरीतून बाहेर पडणारे पाणी तीत येत नाही. वर ओढली की ती वाऱ्यात ठेवायची नाही, आडोशाला न्यायची. तापमापकाचा पारा स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि तो पाण्यातच ठेवून वाचायचा; बाहेर काढून वाचला की आकडा फसवा. ‘साहेबाला घाई असायची, पाऱ्याला नसते,’ असे ते म्हणत. त्या वेळी मला तो आजोबांचा एक शब्दप्रयोग वाटला होता. आता वाटते, निरीक्षणाबरोबर जी माहिती जपायला हवी असे शास्त्रज्ञ सांगतात, ती हीच. ती कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते, आणि ती सांगणारा माणूस गेला की त्याच्याबरोबर जाते.

अमेरिकेने या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यातून वाचलेल्या आणि पुढे पॅसिफिकमध्ये लढलेल्या जहाजांसह एकोणीस अमेरिकी युद्धनौकांच्या लॉगबुकांतल्या नोंदी हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या वाचून उतरवल्या, आणि २०२३ साली तीस लाखांहून अधिक निरीक्षणांचा तो संच प्रसिद्ध झाला. पॅसिफिकमधली युद्धकाळातली पोकळी त्यामुळे काही अंशी भरली. आपल्या बाजूच्या समुद्राचे काय? युद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीत दोन हजारही माणसे नव्हती, आणि ते संपेपर्यंत हा आकडा वीस हजारांच्या पुढे गेला होता. तिच्या नौका तांबड्या समुद्रात, इराणच्या आखातात, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर फिरत होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘बंगाल’ या लहानशा सुरुंगशोधक नौकेने ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या साथीने दोन मोठ्या जपानी जहाजांशी झुंज दिली, ती याच हिंदी महासागरात. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळावरून जो उठाव पेटला, त्यातले नाविक हेच होते. उठावाचा इतिहास लिहिला गेला, तो लिहिला जायलाच हवा होता. त्याच नाविकांनी त्याआधी वर्षानुवर्षे भरलेल्या रकान्यांचे मोल मात्र अजून आपल्या ध्यानात आलेले नाही.

आता विमानांकडे वळतो, कारण माझा खरा जीव तिथे आहे. नौदलाच्या विमानाइतके हवामानावर अवलंबून असलेले दुसरे यंत्र नसेल. हवा तापली की ती विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. वडील दाबोळीला, म्हणजे गोव्याच्या ‘हंसा’ तळावर, विमानांच्या देखभालीत होते, आणि सी हॅरियरबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. हे विमान सरळ खाली उतरू शकत असे, पण उतरताना त्याचा सगळा भार इंजिनाच्या झोतावर असे. मे महिन्याच्या उकाड्यात तेवढा जोर मिळावा म्हणून इंजिनात शुद्ध केलेले पाणी फवारले जाई, आणि ते साधारण दीड मिनिट पुरेल एवढेच असे. न वापरलेली शस्त्रे घेऊन परत यायचे की नाही, हे त्या दिवशीचा तापमापक ठरवी. ब्रिटिश नौदलाने २००६ साली आपली सी हॅरियर निवृत्त केली, त्यामागेही उष्ण प्रदेशांतली ही अडचण एक कारण होती. आपली सी हॅरियर २०१६ च्या मेपर्यंत उडाली. तीन दशकांहून अधिक काळ दाबोळीत आणि ‘विक्रांत’, ‘विराट’च्या डेकवर उड्डाणापूर्वी हवेचे तापमान, वायुभार आणि वारा काळजीपूर्वक मोजला गेला, कारण त्या आकड्यांवर वैमानिकाचा जीव होता. एवढ्या निगुतीने घेतलेले मोजमाप इतरत्र क्वचितच मिळेल.

वाऱ्याचे उदाहरण तर त्याहून ठळक आहे. १९७१च्या युद्धात ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते, त्यामुळे तिचा वेग सुमारे सोळा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सोळा सागरी मैलांपर्यंत, मर्यादित होता. विमानवाहू नौका वाऱ्याच्या दिशेने तोंड करून वेगाने जाते आणि नौकेचा वेग अधिक समोरचा वारा एवढी हवा विमानाला उड्डाणापूर्वीच मिळते. डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वारा अनेकदा पडलेला असतो. म्हणजे सी हॉक आणि अलिझे विमाने चितगाव आणि कॉक्सबझारवर पाठवताना नौकेच्या ब्रिजवरचे, म्हणजे संचालनकक्षातले, अधिकारी वाऱ्याच्या एकेका नॉटचा हिशेब करत होते. ४ डिसेंबरपासूनच्या त्या दिवसांतल्या वाऱ्याच्या नोंदी एका समुद्राच्या हिवाळ्याचे तपशीलवार चित्र आहेत. त्याच उपसागरात वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९७० मध्ये, भोला चक्रीवादळाने लाखो माणसे गिळली होती, आणि बांगलादेशाच्या जन्मामागच्या असंतोषात त्या वादळानंतरच्या बेपर्वाईचा वाटा होता. हवामान आणि युद्ध यांचे धागे असे एकमेकांत अडकलेले असतात.

पाण्याखालच्या नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ध्वनी पाण्यातून कसा जाईल, कुठे वाकेल आणि पाणबुडी कुठे लपू शकेल, हे खोलीनुसार बदलणाऱ्या तापमानावर ठरते. म्हणून पाणबुडीविरोधी विमाने आणि नौका पाण्यात उपकरणे सोडून निरनिराळ्या खोलीवरचे तापमान मोजतात. अलिझे, इल्यूशिन-३८, तुपोलेव्ह-१४२ ही आपली विमाने याच कामासाठी अरबी समुद्रावर आणि उपसागरावर तासन्‌तास घिरट्या घालत. समुद्रात साठलेली उष्णता पृष्ठभागाच्या तापमानावरून पुरती कळत नाही. तिच्यासाठी खोलवरचे आकडे लागतात, आणि जुन्या काळातले असे आकडे जगभरात मुख्यतः नौदलांकडे आहेत. इथेच संरक्षणाचा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. कोणते विमान कोणत्या दिवशी नेमके कुठे शोध घेत होते, हे शत्रूला कळावे असे कोणालाच वाटणार नाही.

या आक्षेपाला उत्तर आहे, आणि ते एका नौदलानेच दिलेले आहे. शीतयुद्धात अमेरिकी अणुपाणबुड्या उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून फिरत आणि डोक्यावरच्या बर्फाची जाडी मोजत, कारण गरज पडल्यास कुठून वर येता येईल हे त्यांना माहीत असणे आवश्यक होते. यापेक्षा गुप्त माहिती शोधूनही सापडणार नाही. १९९०च्या दशकात उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या पुढाकाराने ती टप्प्याटप्प्याने खुली झाली. खुली करताना स्थान नेमके न देता अक्षांश-रेखांशाच्या पाच मिनिटांपर्यंत (एका अंशाची साठ मिनिटे) ढोबळ केले गेले आणि तारखेऐवजी महिन्याचा कोणता तिसरा भाग एवढेच सांगितले गेले. पाणबुडीचा माग काढायला हे निरुपयोगी होते, हवामानशास्त्राला मात्र पुरेसे होते. १९५८ ते १९७६ आणि १९९३ ते १९९७ या दोन काळांची तुलना केल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याखाली बुडालेल्या बर्फाची सरासरी जाडी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आल्याचे दिसले. उपग्रहांना बर्फाचा विस्तार दिसत होता, जाडी दिसत नव्हती. ती पाणबुड्यांनी दाखवली. हीच पद्धत आपण आपल्या अरबी समुद्रासाठी वापरू शकतो.

विमानप्रेमींपैकी ज्यांना कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पृथ्वी तापते हेच मुळात मान्य नसते, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. उष्णतेचा माग काढणारे क्षेपणास्त्र शत्रूच्या इंजिनाची अवरक्त किरणे पाहते. ही किरणे हवेतली वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड कोणत्या तरंगलांबीवर किती शोषून घेतात, हे नेमके ठाऊक नसेल तर क्षेपणास्त्राचा डोळा बनवताच येत नाही. म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या ‘केंब्रिज’ संशोधन प्रयोगशाळांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस या शोषणरेषांचे कोष्टक जमवायला सुरुवात केली. हिट्रान या नावाने ते आजही वाढते आहे, आणि जगभरचे हवामानशास्त्रज्ञ तेच वापरतात. क्षेपणास्त्र लक्ष्यावर जाते यावर ज्याचा विश्वास आहे, त्याने त्याच कोष्टकातून निघणारे हवामानाचे गणित पर्यावरणवाद्यांची कल्पना म्हणून उडवून लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

हे सारे आपल्या किनाऱ्यासाठी का महत्त्वाचे आहे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी पृष्ठतापमान सुमारे १.२ अंशांनी वाढले. त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानुसार अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा उभ्याच्या उभ्या आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, तेव्हा ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या युद्धनौकांनी खवळलेल्या समुद्रातून दीडशेहून अधिक माणसांना बाहेर काढले आणि तरीही कित्येक जण गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुदने विशाखापट्टणमच्या ‘डेगा’ या नौदलाच्या विमानतळाचीच नासधूस केली. ऑगस्ट २०१८ च्या केरळातल्या पुरात कोचीचा मुलकी विमानतळ पाण्याखाली गेला आणि प्रवासी विमाने नौदलाच्या ‘गरुड’ तळावर उतरवावी लागली. बदलत्या समुद्राचा पहिला फटका बसणाऱ्यांत मच्छीमारांबरोबर नौदलही आहे. आज १९०१ पासूनची जी वाढ आपण मोजतो, तिच्या सुरुवातीच्या दशकांत आणि युद्धाच्या वर्षांत निरीक्षणे विरळ आहेत. वादळे पुढे किती वाढतील हे सांगणाऱ्या संगणकीय प्रारूपांची पारख भूतकाळावरच होते, आणि भूतकाळच अर्धवट असेल तर पारखही अर्धवटच राहणार.

कायद्याची वाट मोकळी आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आणि १९९७ चे नियम यांच्या आधारे पंचवीस वर्षांनंतर दप्तरे सर्वसाधारणपणे खुली व्हावीत, असे संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या धोरणातही म्हटले आहे. ते धोरण युद्धांच्या इतिहासासाठी आखले गेले. त्यात हवामाननोंदींचा वेगळा विचार व्हावा, कारण लढाईच्या अहवालापेक्षा त्या उघड करण्यातला धोका कितीतरी कमी आहे. पहिली पायरी म्हणून कोणत्या नौकेची, कोणत्या वर्षांची लॉगबुके आणि कोणत्या तळावरची निरीक्षणे शिल्लक आहेत, एवढी साधी सूची प्रसिद्ध करावी. सूची करायला एकही आकडा उघड करावा लागत नाही. त्यानंतर पृष्ठभागावरच्या नोंदी जशाच्या तशा, आणि पाण्याखालच्या नोंदी स्थान व तारीख ढोबळ करून, पुण्याच्या हवामान खात्याकडे आणि तिथून संशोधकांकडे जाव्यात. उतरवून घेण्याचे काम करायला माणसे मिळतील. कोकणातल्या महाविद्यालयांतल्या मुलांना स्वतःच्या पणजोबांच्या नौकेचे लॉगबुक वाचायला दिले, तर ती ते आनंदाने वाचतील याची मला खात्री आहे.

घाई करण्याचे कारणही आहे. पहिली ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ नंतर भंगारात गेली. तिला वाचवण्यासाठी आम्ही अर्ज केले, सह्या जमवल्या, पण पोलादाच्या देखभालीचा खर्च कोणाला झेपला नाही. कागदाची देखभाल त्या मानाने किती स्वस्त आहे! १९६१ साली बेलफास्टहून तिला घेऊन आलेले नाविक आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरातल्यांना माझी विनंती आहे की पदके आणि छायाचित्रे विचारून झाल्यावर त्यांना कामाचेही विचारा. वारा कशाने मोजायचात, तापमापक कुठे टांगलेला असे, त्यावर ऊन येई का, पाण्याचे तापमान बादलीने घ्यायचात की इंजिन रूममधून, आणि रकाना खरोखर दर वेळी भरला जाई की पहारा संपताना आठवून एकदम भरला जाई. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल, पण तोही विचारा, आणि उत्तर नौकेच्या नावासह व वर्षासह तारीख घालून लिहून ठेवा.